बोलण्याआधीचं टीं

६ नोव्हेंबर

टिल्ल्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तक्रार ऐक. हे पत्र ठिपके टोचून लिहिलेलं आहे, त्यावरूनच तुला कळलं असेल की माझं मशीन बंद पडलंय. ब्रेल डोळ्यांनी वाचायचा तुला कंटाळा येतो हे ठाऊक आहे मला. कागद खिडकीशी तिरका धर, ठिपक्यांच्या सावल्या पडतील. मी अंधशाळेच्या वसतिगृहात गेले तेव्हा मला पत्रं लिहायची म्हणून तूच हट्टाने ही लिपी शिकलास, आता भोग. फोन केला होता. 'हं, हं, मीटिंगमध्ये आहे, करतो नंतर' म्हणालास. तुझं 'नंतर' अजून यायचंय.

झालं असं. मशीन मी एरवी कधी पूर्ण बंद करत नाही, नुसतं निजवते. पण रविवारी शेजारच्या काकू म्हणाल्या, टेबलाखाली धुळीचं राज्य झालंय, सरकवून झाडून घेऊ. सगळ्या वायरी काढल्या, झाडलं, परत लावल्या. सोमवारी हॉस्पिटलातून डॉक्टरांची रेकॉर्डिंग आली आणि मी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पण ते नेहमीचं बारीक टीं काही आलं नाही. टीं नाही म्हणून वाट पाहिली, बोलणारा आवाजही आला नाही. परत बंद केलं, परत चालू केलं. प्लग काढून, चहा करून पिऊन, पुन्हा लावला. नुसती घरघर.

काकूंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पडद्यावर पांढरी अक्षरं आहेत गं, मेली इंग्रजी. मला काय समजतंय!" म्हटलं, एकेक अक्षर कसं दिसतं ते सांगा. तर म्हणाल्या, "एक उभी काठी, तिला उजवीकडे दोन फांद्या. शेजारी नुसती काठी." यावरून मी काय ओळखायचं? आंधळीला बहिरीची साथ! काकूंना तर दारावरची घंटाही ऐकू येत नाही.

पत्र इथवर आलं आणि मशीन दुरुस्तीवाला आला, म्हणून अर्धवट राहिलं. आता पुढचं.

त्याने येऊन काय केलं माहीत आहे? की-बोर्डची वायर नीट आत ढकलली. बस. तीन दिवस मी कपाळाला हात लावून बसले होते, आणि वायर अर्धवट बाहेर होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. तो हसला नाही, ते जास्त लागलं. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंना कळवलं, तर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमच्याजवळ बघणारं कुणीतरी असायला हवं." इतकी वर्षं डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट टाइप करतेय, एकदाही उशीर झाला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मशीन बोलतंय. पण एक गोष्ट मनातून जात नाही. टीं अजूनही येत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं, टीं झालं का? तो म्हणाला, "झालं असेल, माझं लक्ष नव्हतं." पूर्वी वायर निघाली की मशीन तुटक-तुटक टींटीं करायचं, आणि मी आधी वायरी चाचपायचे. तूच शिकवलं होतंस. मग यावेळी मशीन गप्प होतं, की मलाच ऐकू आलं नाही?

तू याच धंद्यातला. खरं काय ते सांग.

तुझी
ताई

(आशीर्वाद)


१० नोव्हेंबर

प्रिय ताई,

मशीन चालू झालंय म्हणून हे टाइप करूनच पाठवतोय, तुझं मशीन वाचून दाखवेल. ठिपके टोचायला वेळ नाही गं. फोन राहिला, त्याबद्दल माफ कर.

आधी वायरीचं. त्यात तुझी काहीही चूक नाही. बटण दाबल्यावर मशीन एकदम शहाणं होत नाही. जागं होतं तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. स्वतःचं नाव नाही, डिस्क कुठे आहे ते नाही, तुझा बोलणारा प्रोग्राम तर खिजगणतीतही नाही. मदरबोर्डवर एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम कायमचा ठेवलेला असतो, त्याला आम्ही फर्मवेअर म्हणतो. माझी नोकरी म्हणजे तोच लिहिणं. तो सगळ्यात आधी उठतो आणि घरातल्या कर्त्या बाईसारखा सगळ्यांना उठवत जातो: मेमरी आहे का, पडदा आहे का, की-बोर्ड आहे का. मग घरातल्यांनी नेमून दिलेल्या सेटिंग वाचतो. आधी कुठल्या डिस्ककडे जायचं, काय चालू ठेवायचं, काय बंद. सगळं जागच्या जागी असलं तर डिस्कवरच्या मोठ्या सिस्टीमच्या हातात कारभार देतो आणि बाजूला होतो. तुझा आवाज त्यानंतर येतो. त्याच्या आधी मशीन मुकंच असतं, फक्त पडद्यावर लिहून सांगतं.

काकूंची काठी आणि दोन फांद्या म्हणजे एफ-वन. मशीन म्हणत होतं, 'की-बोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा.' की-बोर्डच नाही तर दाबायचं कुठे, हा प्रश्न फर्मवेअर लिहिणाऱ्या कुणालाच आजवर पडलेला नाही. आमच्या धंद्यातला हा जुना विनोद आहे.

तू प्लग काढून चहा प्यालीस, त्याने काही व्हायचं नव्हतं. पूर्वी सेटिंग एका बटणसेलच्या जिवावर टिकायच्या, सेल काढला की मशीन सगळं विसरायचं. तुझ्या मशीनमध्ये सेल फक्त घड्याळ चालवतो. सेटिंग चिपमध्ये लिहिलेल्या असतात, वीज गेली तरी पुसल्या जात नाहीत.

टींचं म्हणशील तर नक्की सांगता येत नाही. मशीनच्या आत टींपुरता वेगळा छोटा स्पीकर असतो, तो जुना झाला असेल. नाहीतर, बारीक आवाज वयाप्रमाणे कानाला कमी लागतात म्हणे. सगळ्यांचंच होतं. फार मनावर घेऊ नकोस.

टिल्ल्या


१३ नोव्हेंबर

टिल्ल्या,

तुझं पत्र माझ्या मशीनच्या आवाजात ऐकलं. तू लिहिलेलं त्याच्या तोंडून ऐकायला विचित्र वाटतं, जसा तू कुणी नोकर पाठवलास निरोप घेऊन. पण समजलं छान. कर्त्या बाईचं तर फारच आवडलं. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे तिच्याही नशिबी सगळ्यांच्या आधी उठणं!"

सेटिंग पुसल्या जात नाहीत हेही कळलं. आपल्या आईसारखं. एकदा मनात लिहिलं की वीज जावो नाहीतर घर बुडो.

टींचं मात्र लागलं. तू म्हणतोस ते खरं असणार, तुला नाही कळणार तर कुणाला. मी स्वतःची परीक्षा घेतली. घड्याळाची टिकटिक येते. शेजारच्या घरात चमचा पडलेला येतो. पण ते जाड आवाज. बारीक आवाज जातात असं तूच म्हणतोस, आणि गेलेलं कळायचं कसं? न ऐकू आलेलं मोजता येत नाही.

आता माझी भीती सांगते, हसू नकोस. मोठे सर्जन आहेत ना, ते तोंडातल्या तोंडात बोलणारे. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच अर्धे शब्द गिळलेले असतात. ते मी कानांच्या जोरावर काढते. उद्या त्यांनी 'डावा गुडघा' म्हटलं आणि मी 'उजवा' टाइप केलं तर? डोळे नाहीत याची लाज मला कधी वाटली नाही, ती माझी करणी नाही. पण कान गेलेत हे माहीत असून काम घेत राहणं, ही करणी झाली.

मोठ्या बाईंना सांगावं का रे? तू म्हणशील तसं करते.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

घाईघाईने लिहितोय. इतकं टोकाला जाऊ नकोस. आधी कानाच्या डॉक्टरला दाखव, मग बघू. इथे नवीन आवृत्ती बाहेर काढायची गडबड चालू आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. सविस्तर नंतर.

टिल्ल्या


२१ नोव्हेंबर

टिल्ल्या,

तू 'नको सांगू' म्हणाला नाहीस. मी तुझं पत्र मशीनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, की एखादं वाक्य निसटलं का. मग मोठ्या बाईंना फोन केला.

कानाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर रिपोर्ट येतच राहणार, म्हणून थांबले नाही. सांगितलं, माझ्या कानांचा मला भरवसा वाटत नाही, काम दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे मोठेपण." आणि लगेच, "तुमच्या जागी एक मुलगी बघून ठेवली होतीच." मोठेपण कुठलं, टिल्ल्या! फोन ठेवला तेव्हा चोरी करताना सापडलेल्यासारखं वाटत होतं, आणि चोरलं तर काहीच नव्हतं.

आज सकाळी सवयीने टेबलापाशी बसले. हेडफोन कानाला लावले. ऐकायला काही नव्हतं. काकूंनी विचारलं, आज काम नाही का? मी म्हटलं, सुट्टी घेतली. त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. तेही त्यांना नीट ऐकू आलं नाही, मला दोनदा बोलावं लागलं.

तू काळजी करू नकोस. तुझी ती नवी आवृत्ती नीट बाहेर पडू दे. आपल्या घरातलं कुणीतरी सगळ्या जगाची मशीनं जागी करतं, याचा मला फार अभिमान आहे. काकूंना मी येता-जाता सांगत असते.

ताई


२५ नोव्हेंबर

ताई,

हे ठिपके टोचून लिहितोय. ब्रेलच्या पाटीवर उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचायची सवय मोडली आहे, दोन कागद फाडले. तरी हे पत्र मशीनच्या आवाजात तुला ऐकवायचं नाही. तुझ्या बोटांनीच वाच.

तुझे कान ठीक आहेत. टीं मी बंद केलं.

सुट्टीत तुझ्याकडे होतो तेव्हा एका संध्याकाळी माझी ऑफिसची मीटिंग होती, आठवतं? तुझ्या खोलीत लॅपटॉप मांडून बसलो होतो. तुझं मशीन अपडेट होत होतं, सारखं बंद होऊन चालू होत होतं. प्रत्येक वेळी टीं, आणि मग तुझ्या प्रोग्रामचा तो मोठा खणखणीत आवाज. साहेबांनी विचारलं, "काय वाजतंय तुमच्याकडे?" सगळे हसले. मी म्हटलं, शेजारच्यांचं आहे.

ताई, मी म्हणालो शेजारच्यांचं आहे.

मीटिंग संपल्यावर मशीन चालू होताना डिलीट दाबून सेटिंगमध्ये गेलो, टींचा स्पीकर बंद केला (बोलणारा वेगळा, त्याचा आवाज बाहेरूनच कमी करता येतो), सेव्ह केलं आणि बाहेर आलो. दोन मिनिटांचं काम. उद्या परत मीटिंग होती म्हणून. जाताना चालू करीन असं ठरवलं होतं, आणि विसरलो. मशीन काही विसरलं नाही.

तुझं पहिलं पत्र खिडकीशी धरून वाचलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. खरं लिहायला बसलोही. पण ठिपक्यांत ते टोचता येईना. टाइप करताना बोटं भराभर चालली आणि तुझ्या कानांवर ढकलून मोकळा झालो. तुला वाईट वाटेल एवढंच वाटलं, तू काम सोडशील हे डोक्यातच आलं नाही. तू मात्र मला विचारलंस, आणि मी 'घाईत आहे' लिहिलं. मी घाईत नव्हतो. जेवून लोळत पडलो होतो.

काल ऑफिसात नव्या आवृत्तीची चर्चा होती. सुरू होतानाचा आवाज कायमचा काढून टाकायचा, आता कुणाला लागतो, असा विषय होता. मागच्या वेळी मी मान डोलावली होती. काल म्हटलं, माझ्या ताईला लागतो, तिला दिसत नाही, तिचं मशीन बोलायला लागेपर्यंत तेवढाच आधार असतो. आणि म्हटलं, साहेब, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत ते शेजाऱ्यांचं नव्हतं, तिचं होतं. साहेब म्हणाले, "कुठल्या दिवशी?" त्यांना आठवतही नव्हतं. आवाज ठेवायचं ठरलं. मी खाली मान घालून बसून राहिलो.

मोठ्या बाईंना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं आहे. सोबतचा जाड कागद काकूंसाठी आहे. त्यावर मी मोठी-मोठी अक्षरं काढली आहेत, पडद्यावर ज्या क्रमाने दिसतील त्याच क्रमाने. त्यांना वाचायचं नाही, फक्त चित्राशी चित्र जुळवायचं आहे. त्या बोट ठेवतील, तू बाणाची की दाबायचीस. कुठे किती खाली जायचं ते तुझ्यासाठी मागे ठिपक्यांत लिहिलं आहे. शेवटी सेव्ह करायला विसरू नका.

तुझ्यासमोर यायची मला लाज वाटते. येऊ का, एवढं कळव.

टिल्ल्या


२ डिसेंबर

टिल्ल्या,

हे ठिपक्यांतच लिहितेय. खिडकीपाशी जा.

आधी काकूंचं. कागद घेऊन त्या चष्मा पुसून परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या. "पहिलं चित्र सापडलं! खाली चल, आणखी खाली, अगं थांब, पुढे गेलीस!" दोनदा चुकीच्या घरात शिरलो, दोनदा न सेव्ह करता पळून आलो. तिसऱ्यांदा जमलं. मशीन बंद झालं, पुन्हा घरघरलं, आणि टीं. काकूंना ते ऐकू आलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं म्हणे. आता त्या गल्लीभर सांगत फिरतात की त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त केला.

मोठ्या बाईंचा फोन आला. मुलीला कामावर ठेवलंय, तिला काढणार नाहीत, आणि काढावं असं मलाही वाटत नाही. पण त्या सर्जनचं बोलणं तिला कळेना. 'गुडघा' आणि 'गुदद्वार' यांत तिचा घोटाळा झाला आणि डॉक्टर म्हणे खुर्चीतून उठले. तेव्हा त्यांच्या रेकॉर्डिंग माझ्याकडे आल्या आहेत. बाकीचं काम बघू म्हणाल्या. बघणाऱ्यांच्या हातात आहे, बघू देत.

आता तुझं. तुला वाटत असेल, तुझ्या पत्राने मला कळलं. तसं नाही रे. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होते. चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळायचं होतं अजून, म्हणजे मध्ये दुसरा कुठला आवाज नव्हता. साहेबांनी विचारलं ते ऐकलं, लोक हसले ते ऐकलं, आणि तू काय म्हणालास तेही ऐकलं. चहा घेऊन बाहेर आले, तू 'अरे वा' म्हणालास. मनाशी म्हटलं, दार बंद होतं, मी चुकीचं ऐकलं असेल.

म्हणून तू जेव्हा लिहिलंस ना, कानाला आवाज कमी लागत असतील, तेव्हा मी घाबरले ते खरं, पण आतून मला हायसंही वाटलं. म्हटलं, कानच गेलेत. म्हणजे टिल्ल्या तसं बोलला नसणार. मोठ्या बाईंना इतक्या घाईने सांगितलं त्यात थोडं ते होतं.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीकातले बारीक आवाज लावून पाहिले, सगळे ऐकू आले. म्हणाले, तरुण मुलीचे कान आहेत तुमचे. मी तिथेच रडायला लागले. नर्सबाईंना वाटलं, आनंदाने रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

साहेबांना सांगितलंस, चांगलं केलंस. पण ते मी ऐकलं नाही, आणि तुझ्या लिहिण्यावर तूर्त माझा भरवसा नाही.

पुढच्या सुट्टीत ये. येताना ऑफिसचं काम घेऊन ये. तू मीटिंगला बसलास की मी मशीन बंद करून पुन्हा चालू करणार आहे. मी स्वयंपाकघरात असेन.

ताई